गोळीत लिहिलंय तेवढं औषध आहे का, हे मोजतात कसं?

आज औषधाबद्दल बोलायचं आहे. पण कुठल्या दुखण्याला कोणतं औषध घ्यावं, हे आम्ही सांगणार नाही, ते काम डॉक्टरांचं. गोळीच्या पट्टीवर ‘५०० मिग्रॅ’ असं छापलेलं असतं, बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये अमुक इतकं’ असं असतं. ते खरं आहे की नाही, हे कोण मोजतं आणि कसं मोजतं, त्याबद्दल बोलू.

हा विषय निघाला तो एका बैठकीत. आमचा सावनेर तालुका म्हणजे मध्य प्रदेशाची सीमा. पलीकडे सौसर, पांढुर्ण्याला मराठीच बोलतात, आमच्या गटांतल्या कितीतरी जणींचं माहेर तिकडचं. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच बाजूला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात, लहान लेकरं आजारी पडू लागली. आधी साधी सर्दी, ताप. मग लघवी कमी होत होत बंद. मूत्रपिंडं निकामी. त्यातल्या बऱ्याच लेकरांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं. वीसहून अधिक मुलं गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. मुलांना दिलेल्या सर्दी-खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष सापडलं होतं, १०० मिलिलिटरमध्ये ४८.६ ग्रॅम.

त्या आठवड्यात ग्रामसंघाच्या बैठकीला एक ताई घरातली खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन आल्या. दुसऱ्याच कंपनीची होती. पण त्यांनी ती सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि विचारलं, “तपासूनच येते न औषध? मंग हे कसं झालं?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही बी.ए. झालो ते मराठी आणि इतिहास घेऊन. प्रयोगशाळेशी संबंध दहावीपुरता. पण आमच्याच गटातल्या एका काकूंची मुलगी औषध कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरीला आहे. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा आम्ही सात-आठ जणी तिच्या अंगणात जाऊन बसलो आणि फराळ संपला तरी उठलो नाही. तिनं सांगितलेलं, नंतर आम्ही वाचून पडताळलेलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आमचा पहिला प्रश्न भाबडा होता. गोळी ५०० मिलिग्रॅमची आहे तर सरळ काट्यावर ठेवायची, झालं. ती हसली. म्हणाली, तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, वजन करून बघा. ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्तच भरेल. कारण गोळीत नुसतं औषध नसतं. स्टार्च असतो, गोळी बांधून ठेवणारा चिकट पदार्थ असतो, ती पोटात फुटावी म्हणून काही असतं, साच्याला चिकटू नये म्हणून काही असतं. रक्तदाबाच्या गोळीत तर औषध ५ मिलिग्रॅम आणि बाकी सगळी भर. काटा एवढंच सांगतो की गोळी किती जड आहे. तिच्यात औषध किती, हे त्याला कळत नाही. उद्या कुणी औषधाऐवजी खडूची भुकटी घातली, तरी काटा तेच वजन दाखवील.

म्हणजे आधी औषध बाकीच्यातून वेगळं काढायला हवं, मग मोजायला हवं. आपण गहू आणि खडे वेगळे करायला सूप घेतो. इथे दाणे डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. मग सूप कुठलं?

ते सूप काय आहे, हे तिनं आम्हाला अंगणातच दाखवलं, तुम्हीही करून बघा. शाळेतला पांढरा खडू घ्या. बुडापासून बोटाच्या एका पेराएवढं अंतर सोडून मुलांच्या काळ्या स्केचपेननं गोल रेघ ओढा. ताटलीत थोडं पाणी घ्या, रेघ बुडणार नाही इतपतच, आणि खडू त्यात उभा करा. पाणी खडूत वर चढू लागतं आणि काळ्या रेघेला बरोबर घेऊन जातं. पाच-दहा मिनिटांत काळा रंग काळा राहत नाही. त्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा असे पट्टे सुटे होतात. तो काळा रंग मुळात दोन-तीन रंगांची मिसळ असतो. आमच्या एका मैत्रिणीनं घाईत पेटीवर नावं लिहायचा मार्कर घेतला. त्याची रेघ जागची हलली नाही, कारण त्याची शाई पाण्यात विरघळत नाही, तिला स्पिरिट लागतं. ही चूक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रंग सुटे का झाले? आठवडी बाजाराचं उदाहरण घेऊ. बाजाराच्या एका टोकाला आपण पंचवीस जणी एकदम आत शिरलो. गर्दी सगळ्यांना पुढे ढकलते आहे. काहीजणींना फक्त मीठ-मिरची घ्यायची आहे, त्या सरळ चालत दुसऱ्या टोकाला निघतात. काहीजणी बांगड्यांच्या प्रत्येक दुकानापुढे थांबतात. निघाल्या सगळ्या एका वेळी, पण दुसऱ्या टोकाला पोचल्या वेगवेगळ्या वेळी. तिथं कुणी घड्याळ घेऊन उभं राहिलं, तर कोणती टोळी केव्हा आली आणि तिच्यात किती जणी होत्या, हे तो मोजू शकेल. खडू म्हणजे तो बाजार, पाणी म्हणजे मागून ढकलणारी गर्दी. खडूला जास्त चिकटणारा रंग मागे राहतो, कमी चिकटणारा पुढे जातो.

ही युक्ती मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाची. १९०३ साली वॉर्सा शहरातल्या एका व्याख्यानात त्यानं ती मांडली. काचेच्या नळीत खडूची पूड भरून त्यानं हिरव्या पानांचा अर्क वरून सोडला आणि पानातले हिरवे-पिवळे रंग पट्ट्यापट्ट्यांनी वेगळे झाले. त्यानं या रीतीला नाव दिलं क्रोमॅटोग्राफी, म्हणजे रंगांचं लेखन. गंमत अशी की रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचाही अर्थ रंगच. आज ज्या औषधांना रंग नाही, तीही याच रीतीनं वेगळी करतात, पण नाव तेच राहिलं.

आताच्या प्रयोगशाळेत खडूच्या जागी पोलादाची नळी असते. तिला कॉलम म्हणतात. साधारण एक वीत लांब, आतून पेन्सिलीपेक्षाही अरुंद. तिच्यात भरलेले कण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून बारीक असतात आणि त्यांच्यावर तेलकट रेणूंचा थर चढवलेला असतो. इतक्या गच्च नळीतून पाणी आपसूक जात नाही, पंपानं रेटावं लागतं. तो दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या पन्नास-शंभर पट असतो, आणि तरी दुसऱ्या टोकाला मिनिटाला फक्त एक मिलिलिटर पाणी पडतं. या यंत्राला एचपीएलसी म्हणतात. नळीच्या तोंडाशी डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश सोडलेला असतो. औषध तिथून गेलं की ते प्रकाश अडवतं आणि संगणकाच्या पडद्यावर रेघ वर उठून खाली येते, जणू डोंगर. औषध जितकं जास्त, तितका डोंगराचा पसारा मोठा.

आता मोजायचं कसं ते ऐका, कारण इथे तुमच्या-आमच्या व्यवहारातलीच गोष्ट आहे. वीस गोळ्या घेतात, त्यांचं वजन करतात आणि सगळ्या एकत्र खलतात. एकच गोळी घेतली तर तीच नेमकी कमी-जास्त असू शकते. मग एका गोळीला सरासरी जेवढं वजन येतं त्या हिशेबानं ती पूड तोलून द्रवात विरघळवतात, गाळतात आणि तिचा एक थेंब यंत्रात सोडतात. त्याच्या आधी त्याच यंत्रात प्रमाण नमुना सोडलेला असतो. प्रमाण नमुना म्हणजे ज्याची शुद्धता आधीच पक्की ठरलेली आहे असं औषध. किराणा दुकानातल्या वजनावर वैधमापनचा शिक्का असतो ना, तसंच हे शिक्क्याचं माप. समजा ५०० मिलिग्रॅमच्या शिक्क्याच्या मापाचा डोंगर १०० आला आणि आपल्या गोळीचा ९७. तर गोळीत ४८५ मिलिग्रॅम औषध आहे. पॅरासिटामॉलच्या गोळीला छापलेल्या आकड्याच्या ९५ ते १०५ टक्के अशी मुभा आहे, म्हणजे ४७५ ते ५२५. आपली गोळी पास. इतर पुष्कळ गोळ्यांना ९० ते ११० टक्के चालतात. या मर्यादा ‘भारतीय औषधसंहिता’ या ग्रंथात दिलेल्या असतात. तो गाझियाबादचा आयोग काढतो, आणि त्याची पहिली आवृत्ती १९५५ सालची.

इथवर ऐकून आम्हाला वाटलं, झालं, यंत्र आणलं की काम संपलं. ती म्हणाली, यंत्र म्हणजे नुसती चूल. स्वयंपाकाची रीत वेगळी बसवावी लागते, आणि प्रत्येक औषधाची वेगळी.

ही रीत बसवायला कधी महिने जातात. पाण्यात मिथेनॉल किती मिसळायचं, ते पाणी किती आंबट ठेवायचं, कोणती नळी घ्यायची, कोणता प्रकाश लावायचा, सगळं करून बघावं लागतं. मार्करची रेघ पाण्यात हलली नव्हती, आठवतं? तसंच इथे. पॅरासिटामॉलला पाणी मानवतं, म्हणून ते तेलकट कणांना फारसं चिकटत नाही आणि लवकर बाहेर येतं. मिथेनॉल जास्त झालं तर ते इतकं घाईनं येतं की गोळीतल्या बाकीच्या गोष्टींत मिसळून जातं. पाणी फार वाढवलं तर डोंगर बसका, पसरट होतो आणि एका नमुन्याला अर्धा तास लागतो. दिवसाला शंभर नमुने असतील तर ते परवडत नाही. भाकरीला लागणारी आच जशी एकदम साधत नाही, तसंच.

पण लवकर-उशिरापेक्षा मोठी काळजी दुसरीच असते. औषध जुनं झालं, दमट जागी राहिलं की मोडतं. पॅरासिटामॉल मोडलं की त्यातून पॅरा-अमिनोफिनॉल नावाचा पदार्थ निघतो, तो मूत्रपिंडाला घातक असतो. आता विचार करा. औषध मोडून त्याचे तुकडे झाले, आणि आपल्या रीतीत तुकड्यांचा डोंगर औषधाच्याच डोंगराखाली लपला, तर यंत्र काय सांगेल? यंत्र सांगेल, औषध पुरेपूर आहे. गोळी बिघडलेली असेल आणि आकडा चांगला येईल.

म्हणून प्रयोगशाळेत औषध मुद्दाम नासवतात. हे ऐकून आमच्या काकू म्हणाल्या, “येवढं महागाचं औषध, अन् नासवते काऊन?” पण नासवतात. थोडं आम्लात उकळतात, थोडं सोड्यासारख्या क्षारात, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकतात, थोडं भट्टीत तापवतात, थोडं तीव्र प्रकाशात ठेवतात. मग तो नासलेला नमुना यंत्रात घालून बघतात की औषधाचा डोंगर एकीकडे आणि तुकड्यांचे डोंगर दुसरीकडे असे सुटे दिसतात का. नाही दिसले तर रीत पुन्हा बसवायची. त्याचबरोबर औषध न घालता बाकी सगळा मसाला घालून पोकळ गोळी बनवतात आणि तीही तपासतात. तिथं औषधाच्या जागी काहीच दिसायला नको.

रीत बसली की तिची परीक्षा सुरू होते. त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. म्हणजे मोजणाऱ्यालाच आधी मोजायचं. हे आम्हाला चटकन कळलं, कारण आमचा तूरडाळीचा किस्सा ताजा होता. आमचा गट अर्ध्या किलोची पाकिटं करून विकतो. एका गिऱ्हाईकानं पाकीट परत आणलं, म्हणाला, दुसऱ्या काट्यावर ४८० भरलं. आम्हाला राग आला. आम्ही त्याच्यासमोर आपल्या काट्यावर ठेवलं, ५०० भरलं. पुन्हा ठेवलं, ५००. दहा वेळा ठेवलं, दहा वेळा ५००. काटा किती इमानी, असं आम्हाला वाटलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काट्यावरची जुनी थाळी फुटली म्हणून नवी जड थाळी ठेवली होती आणि काटा शून्यावर आणलाच नव्हता. आमचा काटा दर वेळी तेच सांगत होता, पण दर वेळी चुकीचं. वीस ग्रॅमनं. त्या आठवड्याची सगळी पाकिटं आम्ही परत बोलावून भरून दिली.

प्रयोगशाळेत या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासतात. एक, तेच तेच उत्तर येतं का. एकाच पुडीचे सहा नमुने करून सहा वेळा मोजतात, आणि सहा आकड्यांतला फरक सहसा दोन टक्क्यांच्या आत लागतो. दुसरी, उत्तर खरं आहे का. त्यासाठी पोकळ गोळीच्या पुडीत स्वतः तोलून औषध घालतात. एकदा ८० टक्के, एकदा १००, एकदा १२०, प्रत्येक तीनदा. म्हणजे नऊ नमुने, ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे. मग रीत तेवढंच परत देते का ते बघायचं. शंभर घातले आणि नव्वदच परत आले, तर दहा कुठं गेले? पुडीत अडकले, गाळणीत राहिले, की विरघळलेच नाहीत? तिनं सांगितलं की असं त्यांच्याकडे घडलं होतं. गाळणीच औषध धरून ठेवत होती. गाळणी बदलली, आकडा बसला. या एका परीक्षेनं आमची थाळी पहिल्याच दिवशी पकडली असती.

आणखी परीक्षा असतात. औषध दुप्पट केलं तर डोंगरही दुप्पट होतो का. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसाच्या हातून तेच उत्तर येतं का, कारण एकाच हाताला साधणारी रीत काय कामाची. मिथेनॉल जरासं कमी-जास्त झालं, खोली थोडी गरम असली तरी रीत टिकते का. या सगळ्याचा कागद होतो, सह्या होतात. या परीक्षा कशा घ्यायच्या याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ते अलीकडे २०२३ साली सुधारले. संहितेत छापलेली रीत वापरायची असली, तरी ती आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या यंत्रावर चालते हे दाखवावंच लागतं. कागदाचं महत्त्व कोर्टात कळतं. औषध निरीक्षक नमुना घेतो तेव्हा कायद्यानं त्याचे भाग करून सीलबंद करतो आणि एक भाग दुकानदारालाही देतो. सरकारी विश्लेषकाचा अहवाल विरुद्ध गेला, तर समोरचा २८ दिवसांत त्याला आव्हान देऊ शकतो, आणि मग दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेत जातो. तिथं पहिला प्रश्न हाच येणार की तुमची मोजण्याची रीत खरी कशावरून.

आता त्या ताईंच्या बाटलीकडे परत येऊ. हे सगळं इतकं कडक आहे, तर विष निसटलं कसं?

आम्हाला सगळ्यात हादरवलं ते या उत्तरानं. एचपीएलसीची जी रीत आत्ता सांगितली, ती त्या बाटलीवर लावली असती, तर कदाचित सगळं ठीक आलं असतं. औषध जेवढं लिहिलं तेवढं, ९५ ते १०५ मध्ये. कारण ती रीत एकच प्रश्न विचारते : औषध किती आहे? विष होतं ते औषध ज्या पातळ पदार्थात विरघळवतात त्यात. खोकल्याच्या औषधात प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. ते गोडसर, दाटसर असतं आणि औषधापुरतं निर्धोक असतं. डायएथिलीन ग्लायकॉलही तसंच दाटसर आणि गोड, पण ते कारखान्यातलं रसायन, आणि मूत्रपिंड मारतं. जिभेला फरक कळत नाही. अतिनील प्रकाशालाही कळत नाही, कारण डायएथिलीन ग्लायकॉल तो प्रकाश अडवतच नाही. डोंगर उठत नाही. यंत्राच्या लेखी तिथं काही नाहीच.

त्याला पकडायला दुसरी रीत लागते, गॅस क्रोमॅटोग्राफी. तत्त्व बाजाराचंच, पण इथे पाण्याऐवजी वायू ढकलतो. नमुना तापवून वाफ करतात आणि ती वाफ केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब, वेटोळं घातलेल्या नळीतून जाते. शेवटी एक छोटी ज्योत असते. ज्योतीत काही जळलं की यंत्राला कळतं. इथे प्रॉपिलिन ग्लायकॉल वेगळ्या वेळी येतं, डायएथिलीन ग्लायकॉल वेगळ्या वेळी. या रीतीची परीक्षाही वेगळी. ‘किती आहे’ यापेक्षा ‘किती थोडं असलं तरी दिसेल’ हे सिद्ध करावं लागतं. मर्यादा ०.१ टक्का आहे, म्हणजे १०० मिलिलिटरच्या बाटलीत फार तर दहावा हिस्सा ग्रॅम. इतकंसं खात्रीनं दिसतं, हे दाखवल्याशिवाय ‘विष आढळलं नाही’ या वाक्याला अर्थ नाही.

आणि त्या बाटलीत होतं ४८.६ ग्रॅम. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात जवळजवळ अडीच ग्रॅम विष. एवढं दिसायला बारीक नजरेचीही गरज नव्हती. तो प्रश्न वेळेवर कुणी विचारला असता तर पुरलं असतं. कच्च्या मालाची ही चाचणी करायची, हे नियमात होतं. त्या घटनेनंतर केंद्राच्या औषध नियंत्रकांनीच लिहिलं की काही कारखाने कच्च्या मालाची प्रत्येक खेप तपासत नाहीत.

मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १९८६ साली हेच विष ग्लिसरीनमधून गेलं होतं आणि १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. अमेरिकेत तर १९३७ सालीच याच विषानं शंभरावर बळी घेतले आणि तिथला औषध कायदा बदलला. आम्हाला राग येतो तो याचाच. विष जुनं, मोजायची रीत माहीत, मर्यादा छापलेली, आणि तरी २०२५ साली आपल्या शेजारी लेकरं गेली. रीत कपाटात ठेवून काही पकडत नाही.

मग आपण काय करायचं? बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. एक ताई म्हणाल्या, आता स्वस्त औषध घ्यायचंच नाही. आम्ही त्यांना थांबवलं. यंत्राच्या डोंगरात किंमत दिसत नाही. महाग गोळीला आणि जेनेरिक गोळीला संहितेची मर्यादा एकच. स्वस्त म्हणून संशय घेऊन रक्तदाबाची गोळी बंद केली, तर नुकसान आपलंच.

बिल मात्र घ्यायचंच. पट्टी किंवा बाटलीवरचा बॅच क्रमांक बिलावर आहे का ते बघायचं. छिंदवाड्याच्या वेळी महाराष्ट्रात इशारा निघाला तो बॅच क्रमांक देऊनच. बाटली फेकलेली, बिल नाही, तर आपली बाटली त्यातली होती की नाही हे कळणार कसं? दुसरं, पट्टी कापताना एक्सपायरीची बाजू शेवटपर्यंत ठेवायची. आणि औषधं चुलीवरच्या फडताळात ठेवायची नाहीत. कारखान्यात औषध भट्टीत तापवून नासवतात असं मघाशी सांगितलं, ते काम आपण घरी फुकटात करतो.

लहान मुलांबाबत केंद्राच्या आरोग्य विभागानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या बाळांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे योग्य नाहीत. दुकानदाराला विचारून बाटली आणायची नाही. औषध सुरू असताना लेकराची लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि एक गोष्ट आम्हालाही नवी होती. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे आपण स्वतः विकत घेतलेलं औषध कुणीही माणूस सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. ठरलेला अर्ज आणि ठरलेली फी भरली की सहीचा अहवाल मिळतो. मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही देऊ शकते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. एक-दोन गोळ्या नेऊन भागत नाही, वीस तर नुसत्या खलायलाच लागतात, म्हणून न फोडलेल्या पट्ट्या, एकाच बॅचच्या, बिलासकट न्यायच्या. तक्रार करायची असेल, तर प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. आणि अर्जात नुसतं ‘औषध तपासा’ असं लिहू नका. काय शंका आहे ते लिहा : औषध कमी वाटतं, रंग बदलला, की पातळ औषधात विष असेल अशी भीती आहे. त्यावर कोणती रीत लावायची ते ठरतं.

त्या दिवशी सतरंजीवर ठेवलेल्या बाटलीचा बॅच क्रमांक आम्ही उतरवून घेतला. ती इशाऱ्यातली नव्हती. पण तिची एक्सपायरी पाच महिन्यांपूर्वीच संपलेली होती, आणि ते ताईंनाही तेव्हाच कळलं. आता गटाच्या वहीत कर्जाच्या नोंदीमागे एक पान ठेवलं आहे. गावातली कुणीही मुलांचं पातळ औषध आणलं की नाव, बॅच क्रमांक आणि तारीख तिथं लिहिते. गेल्या बैठकीपर्यंत एकतीस नोंदी झाल्या.